सोवळ्यातला ब्राउझर

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभागृहात अभंगांवर, आहारावर, गुडघेदुखीवर आणि मृत्युपत्रावर भाषणं झाली आहेत. ब्राउझरवर झालेलं नाही. सचिव म्हणाले, "तुम्ही सरकारी खात्यात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसता, तुम्हीच बोला." आम्ही पॉलिटेक्निकचे डिप्लोमावाले, तेही सिव्हिलचे. कॉम्प्युटर शिकलो तो ठेचा खात. त्यामुळे इथे तज्ज्ञ म्हणून उभे नाही. घरातल्या पाच जणांनी मिळून जे करून पाहिलं ते सांगणार आहोत, म्हणून सगळीकडे 'आम्ही'च म्हणू.

सुरुवात आईपासून करावी लागेल. तिच्या परवानगीनं सांगतो आहोत.

गेल्या दिवाळीनंतर तिच्या फोनवर मेसेज आला की बिल थकलं आहे, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. मेसेजमधल्या नंबरवर तिनं फोन केला नाही. आई तेवढी हुशार आहे. तिनं विचार केला, खरा नंबर आपणच शोधू. फोनमधल्या चौकोनात वीज कंपनीचं नाव टाइप केलं, सगळ्यात वर आलेला नंबर लावला आणि पलीकडच्या अतिशय नम्र मुलानं सांगितलं ते ॲप उतरवून घेतलं. पंधरा मिनिटांत अठरा हजार चारशे रुपये गेले. १९३० या सायबर मदत क्रमांकावर आम्ही त्याच रात्री तक्रार केली, म्हणून सहा हजार अडवले गेले आणि परत आले. बाकीचे गेले ते गेलेच.

पैशांचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण आईनं त्यानंतर फोनवर बँक उघडणंच बंद केलं. पंधरा वर्षं घरातली सगळी बिलं तीच भरत होती, तीही हल्ली "तूच बघ रे" म्हणायला लागली. ते ऐकवत नव्हतं.

आमची मुलगी अकरावीत आहे. ती म्हणाली, "आजीचा ब्राउझर बदला." नेमकं त्याच सुमारास, मार्च २०२५ मध्ये, केंद्र सरकारच्या देशी ब्राउझर स्पर्धेचा निकाल लागला होता आणि झोहो कंपनीच्या 'उला'ला एक कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं होतं. उला हा तमिळ शब्द, फेरफटका किंवा सफर अशा अर्थाचा. आम्ही ठरवलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर सगळ्यांनी तो वापरायचा आणि आपापल्या जुन्या ब्राउझरशी ताडून पाहायचा.

ब्राउझर म्हणजे काय, हे काही काकूंनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. वेबसाइट उघडून दाखवणारं ॲप म्हणजे ब्राउझर. आपल्यापैकी बरेच जण त्याला 'गूगल' म्हणतात. आमच्या मते आईच्या नुकसानीचं मूळ निम्मं तरी या एका शब्दात आहे.

पूर्वी ब्राउझरमध्ये दोन चौकोन असत. एकात पत्ता लिहायचा, दुसऱ्यात शोध घ्यायचा. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि त्यानं दोन्हींचा एक चौकोन केला. सोयीचंच होतं, म्हणून पुढे बहुतेकांनी तेच उचललं. पण झालं असं की पत्ता लिहायची सवयच गेली. बँकेच्या दारात जायचं तर आपण थेट जात नाही, चौकातल्या माणसाला विचारतो आणि तो बोट दाखवील तिकडे चालू लागतो. त्या चौकातल्या माणसाला जाहिरातीचे पैसे मिळतात, हे आपल्या ध्यानात राहत नाही. ती चौकातली जागा किती मोलाची आहे? सफारी ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधी उघडावं म्हणून गूगलनं २०२२ या एका वर्षात ॲपलला सुमारे वीस अब्ज डॉलर दिले. हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात उघड झाला. ब्राउझर फुकट का मिळतो, याचं उत्तर त्यात आलं.

आता आमच्या ऑफिसची गोष्ट. खात्याचं नाव घेत नाही, नोकरी अजून बरीच शिल्लक आहे.

नवीन लागलो तेव्हा सगळीकडे इंटरनेट एक्सप्लोरर होता. त्याची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, त्यानंतरच्या काळात जगातले दर शंभरातले नव्वदहून जास्त लोक एक्सप्लोररच वापरत होते. स्पर्धक उरला नाही, म्हणून सातवी आवृत्ती काढायला मायक्रोसॉफ्टला २००६ उजाडलं. पाच वर्षं! आम्ही मराठी माणसांनी त्याचा त्रास वेगळ्या रीतीनं सोसला. त्या काळी कितीतरी मराठी वर्तमानपत्रांचा आपापला फाँट असे. तो एक्सप्लोररमध्ये आपोआप उतरायचा आणि मजकूर दिसायचा. २००४ च्या नोव्हेंबरात फायरफॉक्स आला. आम्ही हौसेनं त्यात पेपर उघडला, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. अप्पा म्हणाले, "हा पेपर वाचायला आता मांत्रिक आणा." पुढे युनिकोड रुळलं तेव्हा कुठे आपली भाषा एका ब्राउझरच्या दावणीतून सुटली.

ऑफिस मात्र सुटलं नाही. डिजिटल सहीचं टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसतं ते, एका साइटवर फक्त एक्सप्लोररमध्येच चाले, कारण ती साइट जावाच्या जुन्या जोडणीवर बांधलेली. क्रोमनं तसल्या जोडण्या २०१५ मध्ये बंद केल्या, फायरफॉक्सनं २०१७ मध्ये. आमच्याकडे मग एक जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात राखून ठेवला. त्यावर कागद चिकटवला होता : 'कृपया अपडेट करू नये'. निविदेच्या शेवटच्या दिवशी त्याच्यापुढे अशी रांग लागे, जशी रविवारी सकाळी पोह्याच्या गाडीवर लागते. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर बंद केला तेव्हा एक सहकारी हताशपणे म्हणाला, "भिया, आता सही कुठे करायची?" शेवटी एज ब्राउझरमध्ये जुन्या एक्सप्लोररची नक्कल करणारी सोय असते, तिच्यावर गाडी ढकलली.

एवढं सांगायचं कारण असं की, नवा ब्राउझर आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, याच्या पोटात कोण आहे? सराफ्यात रात्री दहा दुकानं मांडलेली असतात, पण मावा एकाच कढईतला असू शकतो. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, या सगळ्यांचा मावा एकच : क्रोमियम, जो मुख्यतः गूगल तयार करतं. मायक्रोसॉफ्टनंही स्वतःची कढई उतरवून २०२० मध्ये एज त्यावरच आणला. वेगळी कढई म्हणावी अशी ॲपलच्या सफारीची आणि फायरफॉक्सची. आणि आपला उला? तोही क्रोमियमचाच. देशी म्हणून छाती फुगवण्याआधी हे ठाऊक असावं. वाईट वाटायचं मात्र कारण नाही. घर बांधताना सिमेंट कोणी स्वतः बनवत नाही. खोल्या कशा पाडल्या आणि किल्ल्या कोणाकडे, हे बघायचं.

खोल्या चांगल्या पाडल्या आहेत. कामाची वेगळी, घरगुती वेगळी, मुलांची वेगळी अशा तऱ्हा त्यात आहेत, आणि एकीतली माहिती दुसरीत मिसळत नाही. जाहिराती आणि मागावर राहणाऱ्या साइट अडवायची सोय आतच आहे, वेगळी बसवावी लागत नाही. क्रोममधले बुकमार्क दोन मिनिटांत आले. मराठीची परीक्षा आम्ही 'दर्या' आणि 'दऱ्या' हे शब्द घालून घेतली. समुद्र आणि डोंगरांमधला खोलगट भाग यांच्यातला फरक त्यानं राखला, पण राखायलाच हवा होता, कारण क्रोमही राखतो, फायरफॉक्सही राखतो. वेगाचं म्हणाल तर फरक आमच्या ब्रॉडबँडच्या लहरीपेक्षा कमी होता.

किल्ल्यांची गोष्ट जरा सावकाश सांगतो. एखादी साइट खरंच त्या बँकेची आहे, हे ब्राउझरला कसं कळतं? स्थळ आलं की आपण विचारतो, 'कोणाच्या ओळखीतलं?' तसंच आहे. प्रत्येक साइट कोणा तरी ओळखीच्याची चिठ्ठी दाखवते आणि कोणाकोणाची चिठ्ठी मानायची याची यादी ब्राउझरजवळ असते. त्या यादीतली बहुतेक मंडळी परदेशी. भारत सरकारचीही अशी चिठ्ठी देणारी यंत्रणा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आहे, आणि ती मानणारा ब्राउझर हवा, ही सरकारी स्पर्धेतली एक मुख्य अट होती. आम्हा सहीवाल्यांना त्याचं महत्त्व पटतं. पण दुसरी बाजूही आहे. जुलै २०१४ मध्ये याच यंत्रणेखालच्या एका सरकारी संस्थेकडून गूगलच्या नावानं खोट्या चिठ्ठ्या निघाल्याचं उघड झालं. त्या चिठ्ठ्या रद्द झाल्या आणि क्रोमनं पुढे आपल्या या यंत्रणेचा शब्द ठरावीक भारतीय पत्त्यांपुरताच मानला. फायरफॉक्सला काहीच झालं नाही, कारण त्याच्या यादीत ते नावच नव्हतं. चिठ्ठी आपल्या माणसाची असली तरी तपासणारा कडकच हवा, असं आम्हाला वाटतं. घरात यावर मतभेद आहेत.

आणि पत्त्याजवळच्या कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी डोकावत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे की नाही, हे ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून क्रोमनं २०२३ मध्ये ते चित्र काढूनही टाकलं.

महिना संपल्यावर घरी बैठक झाली. मुलीनं फायरफॉक्स सोडायला साफ नकार दिला. जाहिराती अडवणारं तिचं आवडतं एक्स्टेंशन नव्या नियमांमुळे क्रोममध्ये चालेनासं झालं आहे आणि फायरफॉक्समध्ये चालतं, एवढं एकच कारण तिला पुरलं. 'सगळे एकाच कढईतलं खायला लागले तर पुन्हा एक्सप्लोररचे दिवस येतील' हे वाक्य तिनं आमच्याकडूनच ऐकून आम्हालाच ऐकवलं. सौभाग्यवतींना शाळेच्या कामासाठी उलाच्या वेगळ्या खोल्या आवडल्या, त्या तिथेच राहिल्या.

अप्पांची गोष्ट निराळीच. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. एजमध्ये पान मोठ्यानं वाचून दाखवायची सोय आहे आणि तीत मराठी आवाज आहेत, बाईचा आरोही आणि पुरुषाचा मनोहर. अप्पा रोज सकाळी आरोहीकडून अग्रलेख वाचून घेतात. पहिल्या दिवशी ऐकून म्हणाले, "बाई पुण्याकडची दिसते, आपल्या इंदूरची नाही. पण वाचते स्वच्छ." उलामध्ये आरोही आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हती. "मग तुमचा स्वदेशी तुम्हालाच लखलाभ," म्हणाले आणि हेडफोन लावला. देशाभिमानावर आमचं सगळं बोलणं त्या हेडफोनच्या बाहेर राहिलं.

राहिली आई. तिच्यासाठी कोणता, हाच खरा प्रश्न होता. खोट्या साइटचा पत्ता माहीत असेल तर चांगले ब्राउझर लाल पडदा दाखवून अडवतात. पण शोधात वर आलेला खोटा फोन नंबर कोणता ब्राउझर अडवणार? आम्ही चारही ब्राउझर लावून पाहिले. तो नंबर आपण स्वतःच्या बोटानं फिरवतो, तिथे ब्राउझर संपतो.

उत्तर सौभाग्यवतींना देवघरात सुचलं. त्या म्हणाल्या, "अहो, नैवेद्याचं पातेलं वेगळं ठेवतो ना आपण, त्यात दुसरं काही शिजवत नाही?" तसंच केलं. आईच्या फोनवर उला घातला तो फक्त पैशांसाठी, सोवळ्यातला. बँक, वीज, पाणी, गॅस, पेन्शन आणि घरपट्टी असे सहा पत्ते कागदी बिलांवरून आणि पासबुकावरून अक्षर न् अक्षर ताडून त्यात टाकले आणि बुकमार्क केले. फोन नंबर हवा तर तोही बिलावरचा. त्या ब्राउझरमध्ये काही शोधायचं नाही, व्हॉट्सॲपवरून आलेली लिंक त्यात उघडायची नाही. पाककृती, कीर्तनं, भाच्याच्या लग्नाचे फोटो हे सगळं जुन्या क्रोममध्ये, ओवळ्यात. उलाऐवजी फायरफॉक्स ठेवला असता तरी हेच काम झालं असतं. उला नवा होता, त्यात जुन्या सवयींचं खरकटं नव्हतं, म्हणून तो.

पहिले दोन महिने बिलाच्या दिवशी ती आम्हाला शेजारी बसवून घ्यायची. आम्ही हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. आषाढातल्या बिलाला आम्ही साइटवर होतो, यायला रात्र झाली. घरी आलो तेव्हा ती टीव्ही बघत बसली होती. आम्ही विचारलं, "आई, वीज बिलाची आज शेवटची तारीख ना?"

"भरलं दुपारीच," ती म्हणाली. "एक हजार एकशे सत्तर. गेल्या महिन्यापेक्षा जास्त आलंय, तुझा तो एसी जरा बंद ठेवत जा."