सोबतीला गेले आणि धावू लागले

(चाकण-भोसरी पट्ट्यातल्या कामगार स्त्रियांच्या निवासी शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



धावण्यावर बोल, असं मला सांगितलं तेव्हा हसूच आलं. आपल्याला धावायचं काय शिकवायचं? मी भोसरीत राहते. चाकणला वायर हार्नेसच्या लाइनवर आहे, ठेकेदाराकडून. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे उठून पाणी, डबे, मग पळत बस गाठायची. इथं बसलेल्या निम्म्याजणींचं हेच आहे. पण ही झाली धावपळ. तिच्यात आपण दुसऱ्याच्या घड्याळावर पळतो. मी सांगणार आहे ते धावणं निराळं आणि मला ते त्रेचाळिसाव्या वर्षी शिकावं लागलं.

हौसेनं गेले नाही. मुलीला पोलीस भरती द्यायची होती. सरकारी नोकरीत बायकांना तीस टक्के जागा आहेत, त्यामुळे आमच्या गल्लीत बारावी झालेल्या मुलीच्या डोक्यात भरती असतेच. कंपनीत काही महिने ठेवायचं, ब्रेक द्यायचा, परत घ्यायचं, हे आईचं बघत मोठ्या झालेल्या पोरी या. त्यांना वर्दी हवी वाटते. भरतीत मुलींना शंभर मीटर आणि गोळाफेक असते, पण त्या घाबरतात आठशे मीटरला. सराव पहाटे. अंधार, रस्त्यावर ट्रक. एकटीला कशी पाठवायची? म्हणून सोबतीला मी. शाल पांघरून मैदानाच्या पायरीवर बसायचे.

एकदा शेजारच्या बाई नळावर म्हणाल्या, "काय हो, तुमची पोरगी पळते म्हणे?" सगळ्या हसल्या. आपल्याकडे मुलगा पळाला म्हणजे शर्यतीत पळाला, आणि मुलगी पळाली म्हणजे कुणाचा तरी हात धरून पळाली. मला ते इतकं लागलं की घरी येऊन मीच मुलीला म्हटलं, "राहू दे आता." हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून दारात उभी. मग मीही चप्पल घातली.

मैदानावर एक मॅडम मुलींना शिकवायच्या. पैसे घेत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आठशे मीटर धावायला लावलं, म्हणजे चारशेच्या दोन फेऱ्या. माझी मुलगी सुटली ती वाघ मागे लागल्यासारखी. पहिली फेरी एक मिनिट अठरा सेकंद! दुसऱ्या फेरीत निम्म्यातच पोट धरून चालायला लागली. एकूण चार मिनिटांच्या वर. भरतीत पूर्ण वीस गुण हवे असतील तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपवावं लागतं. मॅडमनी साधा भागाकार करायला सांगितला. एका फेरीला पंच्याऐंशी सेकंद. मग पहिल्या फेरीत सात सेकंद जास्तीचे कुणाला दाखवायला उधळलेस?

पुढचे दोन महिने त्यांनी वेग वाढवूच दिला नाही. शेजारणीशी बोलता येईल इतकंच हळू धावायचं, बोलता येईना तर आणखी हळू. पाऊल लांब फेकायचं नाही, अंगाखाली टाकायचं, नाहीतर गुडघा धक्का खातो. खांदे सैल. मुठी आवळायच्या नाहीत, हातात भाजलेला पापड धरलाय आणि तो मोडायचा नाही असं समजायचं. आणि नजर समोर. ही नजरेची गोष्ट पोरींना सगळ्यांत जड गेली. खाली बघून चालायचं वळण लावलेलं असतं ना आपण!

आतल्या कपड्यांचंही मॅडम मोकळेपणानं बोलायच्या. छाती हलते म्हणून कितीतरी पोरी वाकून धावतात, आणि वाकून धावलं की श्वास पुरत नाही. घट्ट, रुंद पट्ट्यांची बॉडी घातली की निम्मं काम होतं. पाळीच्या दिवसांत काय करायचं, तेही त्या विचारून ठरवायच्या.

तरी माझ्या मुलीचा दम काही वाढेना. मी तिला आळशी म्हणायचे. मॅडमनी तिच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन साडेआठ. बारा तरी हवं. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे असं सरकारी पाहणीच सांगते, पण ते माझ्या घरात, माझ्या ताटातून उठलेल्या पोरीत असेल असं मनातही आलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आम्ही जेवणात बदल केला. तीन महिन्यांनी तिचं तिलाच आश्चर्य.

या आठशे मीटरचा इतिहासही मला त्याच मैदानावर कळला. 1928 साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा हे अंतर धावल्या. अंतिम शर्यतीत नऊजणी होत्या, जर्मनीची लीना राडके दोन मिनिटं सोळा पूर्णांक आठ सेकंदांत जिंकली, आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. वर्तमानपत्रांनी मात्र छापलं की बायका कोसळल्या, बाईच्या शरीराला हे झेपत नाही. झालं, शर्यत बंद! ती परत आली 1960 साली. शर्यत संपल्यावर दमून गवतावर पडलेला पुरुष म्हणजे जिद्दीचा, बाई पडली की नाजूक. जे अंतर बत्तीस वर्षं आपल्याला झेपणार नाही म्हणाले, त्याच अंतरावर आज आमच्या पोरींची नोकरी ठरते.

मी कधी उठले ते सांगायचं राहिलं. थंडी होती, बसून पाय आखडले होते, म्हणून एक फेरी चालले. मग थोडी धावले. साडीला पिना लावून, लाजत. आठवड्याभरात मुलीचा जुना पंजाबी ड्रेस घातला. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात जमत नाही, सेकंड शिफ्ट असली की जाते. पहाटेचा तो एक तास कुणाला हिशोब द्यावा लागत नाही. सुरुवातीला घरात कुरकुर झाली, चहा कोण करणार म्हणून. आता यजमान चहा करतात, पोहेही करतात. मीठ जास्त पडतं, खाते.

बारामतीच्या लताबाई करे तुम्हाला माहीत असतील. साठीच्या पुढच्या, नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉनमधली तीन किलोमीटरची शर्यत जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर सिनेमा निघाला, 2020 साली. मलाही त्यांचा अभिमान वाटतो. पण टाळ्या वाजवताना मनात येतं, तपासणीचे पैसे धावून का मिळवावे लागावेत? माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी पी. टी. उषानंतरची ती पहिली भारतीय बाई, म्हणजे मधे गेली बत्तीस वर्षं. दुष्काळी गावातली पोर तिथवर जाते, ती कुणीतरी वेळेवर शिकवलं, खाऊ घातलं, मैदान दिलं तर. नुसत्या जिद्दीवर भागत नाही.

मैदानाचंच सांगते. आमच्या मैदानावर बायकांच्या संडासाला कायम कुलूप. पुरुष भिंतीकडे जातात, आम्ही काय करायचं? पोरी पाणीच प्यायच्या नाहीत, मग पायात गोळे यायचे. एका कोपऱ्यातला दिवाही बंद. आम्ही एक्केचाळीसजणींनी सह्या करून अर्ज दिला. तीनदा गेलो. "इतक्या अंधारात येता कशाला?" हेही ऐकलं. पाच महिन्यांनी कुलूप निघालं. दिवा अजून बंद आहे. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत, आणि मला 'पळते म्हणे' विचारणाऱ्या शेजारीणबाईंची सही या वेळी अर्जावर आहे. त्यांची नात आमच्यात येते.

मुलीचं विचाराल. भरतीत तिनं आठशे मीटर दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांत संपवलं, पण लेखी परीक्षेत मागे पडली, यादीत नाव नाही. आठ दिवस रडली. नवव्या दिवशी मैदानावर गेली. आता सकाळी धावते, रात्री गणित करते. पुढची जाहिरात आली की परत फॉर्म भरेल.

शिबिरात मुक्काम आहे, तर उद्या पहाटे साडेपाचला पाठीमागच्या अंगणात जमूया. बूट नसले तरी चालेल, माती मऊ आहे. ओढणी कमरेला बांधा, उपाशी येऊ नका, एखादं केळं खाऊन या. गुडघे दुखत असतील त्यांनी चालायचं. आणि पहिली फेरी सगळ्यांनी गप्पा मारत, हळू.