दिवेवाल्याला कधी बोलवायचे?

या संमेलनाला वास्तुरचनाकार आले आहेत, विद्युत अभियंते आले आहेत आणि रोषणाईची कामे घेणारे ठेकेदारही आले आहेत. या तिघांचे एकमेकांशी किती जमते ते इथे सांगायला नको. इमारत पुरी होते, रंग वाळतो, आणि मग कुणाला तरी आठवते की रात्री ती दिसायला हवी. तेव्हा दिवेवाल्याला निरोप जातो. हे भांडण निदान सव्वाशे वर्षांचे आहे, आणि त्याचा मोठा भाग जागतिक प्रदर्शनांच्या मैदानांवर लढला गेला.

पॅरिसमध्ये 1889 सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी आयफेल टॉवर उभा राहिला. लोखंडी युगाचे हे प्रतीक त्या वर्षी मुख्यतः गॅसच्या दिव्यांनी उजळले होते. वीज होती ती माथ्यावरच्या फिरत्या झोतात आणि खाली रंगीत कारंज्यांत. गॅसच्या ज्योती टॉवरच्या कडांवरून ओळीने लावलेल्या होत्या. दिवाळीत कठड्यावर पणत्या मांडतात, तीच ही रीत. पुढे वीज आली तेव्हा तिनेही हीच रीत उचलली. दिवा बदलला, पण तो लावायची जागा तीच राहिली.

शिकागोचे नाव निघाले की आपल्याला 1893 ची सर्वधर्मपरिषद आठवते. ती ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, त्याच्या रोषणाईच्या ठेक्याची कथाही तितकीच चुरशीची आहे. जनरल इलेक्ट्रिकने 5,54,000 डॉलरची निविदा भरली. वेस्टिंगहाउसने 3,99,000 डॉलरमध्ये काम घेतले आणि एसी प्रवाह सगळ्या जगाला दाखवून दिला. पण एडिसनच्या दिव्याचे पेटंट न्यायालयात टिकल्यामुळे तो दिवा वापरायची सोय उरली नाही. म्हणून वेस्टिंगहाउसने काचेचे बूच बसवलेला दोन तुकड्यांचा दिवा काढला. बुचाच्या सांध्यातून हवा आत शिरे, दिवे लवकर जात, आणि ते बदलायला माणसे सतत पळत असत. असे 90,000 हून अधिक दिवे तिथे लागले.

ज्या इमारतींवर ते लागले त्या दगडाच्या नव्हत्या. लोखंडी आणि लाकडी सांगाड्यावर प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचे मिश्रण थापून, वर पांढरा रंग दिलेला होता. प्रदर्शनाच्या बांधकामाची सूत्रे सांभाळणाऱ्या डॅनियल बर्नहॅमने वास्तुरचनाकारांना अभिजात युरोपीय शैलीत बांधले होते. रिचर्ड मॉरिस हंट यांच्या प्रशासकीय इमारतीचा घुमट रात्री दिव्यांच्या रेघांनी आखून निघे, आणि आकाशात सर्चलाइटचे झोत फिरत. दृश्य भव्य होते यात शंका नाही. पण रचना दिवसासाठी झाली होती आणि वीज तिच्यावर मागाहून चढवलेली होती. संख्या मोठी आणि विचार थोडा, असेच शिकागोबद्दल म्हणावे लागेल.

विचार पुढे सरकला तो बफेलोला. तिथे 1901 मध्ये पॅन-अमेरिकन प्रदर्शन भरले. वीज तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या नायगाऱ्याहून आली होती. 1896 पासूनच धबधब्याची वीज बफेलोला पोचत होती, त्यामुळे दिवे लावायला हात आखडण्याचे कारण नव्हते. अशा वेळी दुसऱ्या कुणीही डोळे दिपवले असते. रोषणाईचे काम पाहणाऱ्या ल्यूथर स्टिअरिंजर आणि हेन्री रस्टिन यांनी नेमके उलटे केले. इमारतींवरून त्यांनी झगझगीत आर्क दिवे हद्दपार केले आणि दोन लाखांहून अधिक तंतुदिवे लावले, तेही नेहमीच्या सोळा कँडलपॉवरचे नव्हे तर आठचे. एकेक दिवा इतका मंद की त्याकडे सरळ पाहता यावे. दिवे भरपूर, पण प्रत्येकाचा आवाज खालचा. प्रकाशयोजनेच्या इतिहासात याहून शहाणा निर्णय शोधावा लागेल.

दुसरी करामत दिवे लावण्याच्या पद्धतीत होती. संध्याकाळी खटका ओढून एकदम लखलखाट करत नसत. प्रवाह पाण्याच्या रिओस्टॅटमधून सोडत. पाण्यातल्या पट्ट्या जसजशा खाली जात तसतसा विरोध कमी होई आणि तंतू तापत जाई. आधी सगळ्या कडांवर लालसर धुगधुगी, मग नारिंगी छटा, शेवटी पिवळा प्रकाश. जॉन गॅलन हॉवर्ड यांचा सुमारे 390 फुटी इलेक्ट्रिक टॉवर या क्रमाने अंधारातून वर येई आणि लोक त्याकडे तोंड करून थांबत. एडिसनच्या कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी ही रोषणाई फिल्मवरही उतरवली. दिवसाच्या रंगांची योजना चार्ल्स टर्नर यांची होती. प्रवेशाकडे भडक रंग आणि टॉवरकडे सौम्य, म्हणजे माणूस रानटीपणातून सुसंस्कृत झाला असा त्यांचा दावा. तो आज वाचवत नाही. रात्रीची योजना मात्र अशा कुठल्याही उपदेशाशिवाय उभी आहे.

याच प्रदर्शनात 6 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर टेम्पल ऑफ म्युझिकमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या. आवारातल्या छोट्या इस्पितळात लगेच शस्त्रक्रिया झाली, आणि तिथे पुरेसा उजेड नव्हता. मावळतीचे ऊन आरशाने जखमेकडे वळवावे लागले, विजेचा दिवा मागाहून आला. क्ष-किरण यंत्र प्रदर्शनात मांडलेले होते, पण ते वापरले गेले नाही. आठवडाभराने मॅकिन्ली वारले. त्यांच्या मारेकऱ्याला ऑबर्नच्या तुरुंगात विजेच्या खुर्चीवर बसवले. बफेलोच्या रोषणाईचे कौतुक करताना हा भाग गाळणे प्रामाणिकपणाचे नाही. दर्शनी भिंतीवर दोन लाख दिवे आणि शल्यचिकित्सकाच्या हाताशी आरसा, हा प्राधान्यक्रम आपल्या धंद्याला आजही ओळखीचा वाटावा.

कडांवरच्या ओळींचा निरोप घेतला तो सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाने, 1915 साली. जनरल इलेक्ट्रिकचे वॉल्टर डार्सी रायन म्हणाले, दिवा दिसता कामा नये, भिंत दिसली पाहिजे. आर्क दिवे परत आले, पण ढाली आणि पताकांच्या आड लपून. भिंतींचा गिलावा ट्रॅव्हर्टीन दगडासारखा सच्छिद्र आणि हस्तिदंती केला होता. अशा पृष्ठभागावर प्रकाश चकाकत नाही, पसरतो. 435 फुटी टॉवर ऑफ ज्युवेल्सवर एक लाखाहून अधिक पैलू पाडलेल्या काचा टांगल्या होत्या. मागे छोटे आरसे, वारा आला की काचा हलत आणि झोत पडला की लकाकत. बंदराच्या कडेला 48 सर्चलाइटचा ताफा होता आणि मरीन सैनिक रंगीत पडदे सरकवत तो चालवत. झोत दिसायला धुके हवे. सॅन फ्रान्सिस्कोत ते बहुधा फुकट मिळते. नसेल त्या रात्री एक रेल्वे इंजिन उभे करून वाफ सोडत.

रायनचा विजय पुरा झाला. आजच्या किल्ल्यांवरचे, स्थानकांवरचे, पुलांवरचे झोत हे त्याचेच वंशज. पण त्याच्या पद्धतीत इमारतीचा प्रत्येक इंच सारखाच उजळण्याचा मोह होतो आणि मग नक्षीची सावली मरते. स्टिअरिंजरच्या ओळी सांगाडा दाखवत, रायनचा झोत अंग दाखवतो. दोघांतून निवडायचे झालेच तर या अध्यक्षीय खुर्चीचे मत बफेलोच्या बाजूने पडेल, मंद दिव्याच्या आणि हळू चढणाऱ्या प्रवाहाच्या. सभागृहात बरेच जण याला विरोध करतील, आणि पुढच्या सत्रात त्यांना त्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे. वाद घालताना एवढे मात्र सांगावे की तुमच्या शेवटच्या कामात दिवेवाल्याला पहिल्या नकाशाच्या बैठकीला बोलावले होते, की रंग वाळल्यावर.