चढण कुणाची, नाव कुणाचं?

(बोदवड येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



कापूस वेचताना आपल्या पायाखाली जी काळी माती असते, तिचं मूळ लाव्हारसात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर साचला, त्याचा दगड झाला आणि दगड झिजून माती. म्हणून आज ज्वालामुखीच्याच एका डोंगराची गोष्ट सांगते.

आफ्रिकेत, टांझानियात, किलिमांजारो आहे. उंची 5895 मीटर. विषुववृत्ताजवळ असूनही माथ्यावर हिमनद्या. 1912 पासून त्यातला 80 टक्क्यांहून जास्त बर्फ नाहीसा झालाय.

हा डोंगर 1889 साली हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर यांनी प्रथम सर केला, असं पुस्तकं सांगतात. मग ओझी कुणी वाहिली? चूल कुणी पेटवली? वाट कुणी दाखवली? तिथल्याच माणसांनी. योहानी लाउवो या चग्गा वाटाड्याचा गौरव झाला तो शंभर वर्षांनी, 1989 साली. बायकांपैकी शीला मॅकडोनाल्ड 1927 साली माथ्यावर पोचली. आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते 2013 साली एव्हरेस्ट आणि 2016 साली किलिमांजारो चढली.

आपला कळसूबाईचा डोंगरही लाव्हारसाचाच. 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. लोक सांगतात, कळसू ही कोळ्यांची पोर. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही, या अटीवर ती कामाला राहिली. घरच्यांनी अट मोडली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. पुढे तिचीच देवी झाली.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही जणी बारी गावातून, लोखंडी शिड्यांवरून वर गेलो. एकीला घरून परवानगी मिळाली ती ‘देवीला जाते’ म्हटल्यावर. डोंगर चढायला म्हणून मिळाली नसती. वर पोचल्यावर ती म्हणाली, “ताई, नवरा, सासू, पोरं कुणी बरोबर नाही, अशी मी पहिल्यांदाच कुठे आलेय.” वय बेचाळीस.

कामाला नाही म्हणणाऱ्या पोरीची आपण पूजा करतो. घरातली सून नाही म्हणाली तर?

निंदणी आपली, वेचणी आपली. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली होती. म्हणजे हे होऊ शकतं.

तेव्हा घरचा सातबारा काढा, स्वतः वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या. नाव नसेल तर घरात विषय काढा. एकटीला जड जाईल. आपण मिळून जाऊ.