यंत्रापुढील अर्ज आणि आपले जनरल रजिस्टर



यंत्रापुढे बसून अर्ज भरण्याविषयी आज आपणांशी बोलावयाचे आहे. हा विषय शिक्षकाचा नव्हे, असे आपणांपैकी कित्येकांस वाटेल. मलाही तसेच वाटत असे.

आपल्या राज्यात हा प्रयोग जुना आहे. १९९८ साली वारणानगरच्या परिसरातील ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्याची योजना हाती घेण्यात आली. ऊसतोडणीचा परवाना, बिलाची रक्कम यांसाठी कारखान्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत. ते काम गावातच होऊ लागले. मात्र त्या केंद्रात यंत्रापाशी चालक बसे. शेतकरी तोंडाने सांगे, चालक कळा दाबी. आता ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर नागरिकास स्वतःच कागद जोडून दाखल्यासाठी अर्ज करता येतो, आणि ठराविक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क त्यास २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने दिला आहे. दारोदार आर्जवे करण्यापेक्षा हे शतपटीने बरे.

तथापि जुना कारकून निदान विचारी, “अमक्याचा मुलगा ना तू?” यंत्र असे विचारीत नाही. ते अक्षराला अक्षर लावून पाहते.

१९९४ च्या जूनमध्ये मी नव्यानेच शिक्षक झालो होतो. एक आजी नातवाला शाळेत घेऊन आली. नाव विचारले, तर म्हणाली, “बाळू.” मी बाळू लिहिले. जन्मतारीख तिला ठाऊक नव्हती. मी १ जून घातली. त्या काळी आपल्या निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचाच असे, हे आपण जाणताच! पुढे तो बाळू आधारपत्रावर बाळासाहेब झाला. काही वर्षांपूर्वी त्याने मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी अर्ज भरला आणि पुरावा म्हणून स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला जोडला. दोन कागदांवर दोन नावे, म्हणून अर्ज परत आला. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी यांत दिवस गेले आणि मुलीचा त्या वर्षीचा परिचारिका अभ्यासक्रमाचा प्रवेश हुकला. तो मला भेटावयास आला तेव्हा रागावला नव्हता. “गुरुजी, अक्षर तुमचंच आहे,” एवढेच म्हणाला.

म्हणून माझे सांगणे असे की, प्रवेशाच्या दिवशी जन्मदाखला पाहूनच नोंद करावी आणि ती पालकास मोठ्याने वाचून दाखवावी. ऱ्हस्व-दीर्घासही तेथे किंमत आहे. चौथीच्या मुलांकडून महिन्यातून एकदा कोरा अर्ज भरून घ्यावा. स्वतःचे पूर्ण नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आईचे नाव. भरलेला अर्ज शेजाऱ्याने तपासावा. संगणक नसला तरी चालेल, पाटी पुरे.

पुढील केंद्र संमेलनास येताना प्रत्येकाने यंदाच्या पहिलीचे प्रवेशअर्ज व जन्मदाखल्यांच्या प्रती सोबत आणाव्यात. आपण ते बसून ताडून पाहू.