सागाची जहाजं


आज बोलूया आपल्या सागाबद्दल.

घराच्या तुळया सागाच्या, वाड्याचे खांब सागाचे.
हे तुम्ही जाणताच.
पण सागानं समुद्रही गाजवला.

त्याचं कारण लाकडातच आहे.
ताजं रंधलेलं सागवान हाताला किंचित तेलकट लागतं.
हे तेल पाण्याला आणि किडीला दाद देत नाही.
विलायती ओकमध्ये लोखंडी खिळे लवकर गंजतात.
सागात ते टिकतात.

मराठ्यांच्या आरमाराला हे ठाऊक होतं.
रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सांगतं,
आरमारासाठी रानातला साग तोडावा,
पण हुजूरच्या परवानगीनंच.
आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये.
ती झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात.
किती जाणतं राज्य होतं ते!

पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं सागाची जहाजं बांधली.
त्यांतलं एक, ‘ट्रिंकोमाली’.
साल १८१७.
साग मलबारचा, कसब मुंबईचं.

श्रोतेहो, हे जहाज अजून तरंगतं आहे.
इंग्लंडमध्ये, हार्टलपूल इथं.
पुन्हा सांगते, ही करामत सागातल्या त्या तेलाची,
आणि मुंबईच्या सुतारांची.
तिकडं कुणाचं जाणं झालं,
तर जहाजावर चढून बघता येतं.