पुढचा भाग मागे चालतो



काल याच मंचावर धरणांविषयी व्याख्यान झालं, उद्या संतसाहित्यावर आहे, आणि मधल्या दिवशी मी कार्टूनवर बोलणार आहे. कार्यवाह मला म्हणाले होते, "सुट्टीचे दिवस आहेत, नातवंडं येतील." नातवंडं काही दिसत नाहीत. आजोबा मात्र वेळेवर आलेत. (हशा)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'ॲनिमेटेड सुपरहीरोपटांचे पुढील भाग : चाहत्यांना काय भावते?' हे शब्द मंडळाचे. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. पुढचा भाग मागे चालला पाहिजे. हे वाक्य मी गेली काही वर्षं भेटेल त्याला ऐकवतोय. घरचे कंटाळले, म्हणून आज तुम्ही.

लोक म्हणतात, पुढच्या भागात मोठा खलनायक हवा, मोठे स्फोट हवेत, आधी शहर वाचवलं तर आता विश्व वाचवायला हवं. ते करायला पैसे लागतात, बाकी काही लागत नाही. चाहता त्यासाठी येत नाही. त्याने पहिला भाग सात वेळा पाहिलेला असतो. त्यात आपल्या नजरेतून काय सुटलं, हे त्याला दुसऱ्या भागाने सांगायला हवं असतं.

आता स्पायडरमॅन म्हणजे कोळी चावून कोळ्याच्या शक्ती मिळालेला पोरगा, आणि त्याचा काका मरतो, हे तुम्हाला माहीतच आहे. माईल्स मोरालेस म्हणजे पीटर पार्कर, तो मूळचा स्पायडरमॅन, नव्हे, कोळी चावलेला ब्रुकलिनचा दुसरा पोरगा, हेही धरून चालतो. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मान हलवताहेत. ती होकारार्थी आहे असं मी समजतो. (हशा)

माईल्सचा पहिला चित्रपट 'इनटू द स्पायडर-व्हर्स' डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. त्यात समांतर विश्वं आहेत आणि त्यांतले वेगवेगळे स्पायडरमॅन. त्याचा पुढचा भाग 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' जून २०२३ चा. पहिल्या भागात एक क्षण आहे. माईल्स एका प्रयोगशाळेतून पळतोय, मागे शास्त्रज्ञ लागलेत. त्याच्या हाताला एक बेगल लागतो. बेगल म्हणजे मधोमध भोक असलेला पाव, आपल्या मेदुवड्याचा अमेरिकन चुलतभाऊ समजा. माईल्स बेगल मागे फेकतो, तो एका शास्त्रज्ञाच्या डोक्यावर आदळतो, आणि पडद्यावर कॉमिकसारखी ठळक अक्षरं उमटतात, 'बेगल!' थिएटर हसतं. सेकंदभराचा विनोद. विसरूनही जातो आपण.

साडेचार वर्षांनी दुसऱ्या भागात एक केविलवाणा चोर येतो. कोपऱ्यावरच्या दुकानातलं एटीएम पळवायला निघालाय आणि तेही धड जमत नाही. अंगभर काळी भोकं, त्यातून हात घातला की दुसरीकडून बाहेर येतो. माईल्स त्याला हसण्यावारी नेतो. तेव्हा तो म्हणतो, मी तोच, ज्याच्या डोक्यात तू बेगल मारला होतास. पुढे तू ते विश्वं जोडणारं यंत्र उडवलंस, त्या स्फोटात माझं हे असं झालं. आणि तुला चावलेला तो कोळी, तो दुसऱ्या विश्वातून मीच आणला होता.

बघा काय झालं. आपण हसलो होतो, तो माणूस साडेचार वर्षं ते मनात धरून बसला होता. मेदुवड्याचं भोक त्याच्या अंगभर पसरलं. या खलनायकासाठी नवीन पर्वत रचावा लागला नाही, जुन्या विनोदात तो बसलेलाच होता. घरी येऊन मी पहिला चित्रपट पुन्हा लावला तेव्हा त्या पावावर मला हसू आलं नाही. पुढचा भाग मागे चालतो म्हणतो तो असा.

त्याहून पक्की गोष्ट त्या कोळ्याची आहे. पहिल्या भागात माईल्सला चावणाऱ्या कोळ्याच्या अंगावर ४२ आकडा आहे आणि तो मधूनच टीव्हीच्या खराब चित्रासारखा तुटक हलतो. ४२ हा आकडा त्या चित्रपटात ठिकठिकाणी दिसतो. माईल्सला शाळेत प्रवेश मिळतो तो सोडतीत, तिथल्या चेंडूवरही ४२. जाणकार म्हणायचे, बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनला नमस्कार असेल, ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळताना त्याच्या पाठीवर ४२ असायचा. आपणही समाधान पावलो. दुसऱ्या भागात कळतं की तो कोळी ४२ क्रमांकाच्या विश्वातला होता. तिथल्या कुणाला तरी चावायचा तो इथे येऊन माईल्सला चावला. म्हणजे पहिल्या चित्रपटभर ज्या मुलाला आपण 'तुझ्यात ते आहे' म्हणून टाळ्या दिल्या, तो मुळात चुकून स्पायडरमॅन झालाय. ही माहिती पहिल्या भागातच पडून होती, आपल्याला वाचता आली नव्हती.

इथे मला लहानपणीचं आठवतं. दोन मिनिटांत सांगतो.

आमच्या गावात एक चपलांचा दुकानदार होता. मे महिन्यात चपला खपेनात म्हणून तो पुस्तकं भाड्याने द्यायचा. दिवसाला दहा पैसे. दुकानात चामड्याचा वास, त्यामुळे आमच्या सगळ्या वाचनाला तोच वास. तिथे इंद्रजाल कॉमिक्स असायची. १९६४ पासून निघत होती, नंतर मराठीतसुद्धा. जंगलातला मुखवटाधारी वेताळ, जादूगार मँड्रेक. मी वेताळवाला. मँड्रेकवाल्यांशी आमची मारामारी व्हायची. (एक आवाज : मँड्रेकच भारी!) बघा, साठ वर्षांनीही हे लोक सुधारलेले नाहीत. (हशा)

तर एकदा मला एक अंक मिळाला. पहिल्याच चौकटीत वेताळ खोल खड्ड्यात, हात मागे बांधलेले, वरून कुणीतरी वाकून हसतंय. वर बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'मागील अंकावरून पुढे चालू.' मागचा अंक दुकानदाराकडे नव्हता. तो म्हणाला, डॉक्टरांच्या मुलीने नेलाय. डॉक्टरांची मुलगी म्हणाली, दिला परत. आठ दिवस मी त्या दोघांमध्ये फेऱ्या मारल्या. मग आईने विचारलं, दहा-दहा पैसे करून किती झाले? ते सांगण्यासारखं नव्हतं.

म्हणून मागचा अंक मी स्वतःच तयार केला. वेताळ खड्ड्यात कसा पडला? कुत्र्याला वाचवताना? कुणी फितूर झालं? रात्री गच्चीवर पडून मी नऊ-दहा प्रकारे त्याला खड्ड्यात पाडला. आणि जितक्या वेळा पाडला तितक्या वेळा हातातला अंक बदलायचा. फितुरी असेल तर वरून हसणारा माणूस मित्र असायचा, कुत्र्याला वाचवताना पडला असेल तर अनोळखी. चौकट तीच. माझी चित्रकला तिथून सुरू झाली, पुढे तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली तीही त्यातूनच, आणि…

चिठ्ठी आली. "दहा मिनिटे उरली." बरं. काल धरणवाल्यांना किती वेळ दिला होता? (हशा) नाही, तक्रार नाही.

पण ही विषयाबाहेरची गोष्ट नव्हती, एवढं सांगू द्या. वेताळ हा एकविसावा होता. बापाचा मुखवटा मुलाने घालायचा, जगाला वाटतं तोच एक अमर आहे. आणि कवटीगुहेत आधीच्या वेताळांच्या बखरी रचून ठेवलेल्या. अडचण आली की तो जुनी बखर काढून वाचत बसतो. कथा पुढे सरकायची तर नायक मागे जातो. हे तंत्र काल हॉलिवुडला सापडलेलं नाही, चपलांच्या दुकानात दहा पैशांत मिळत होतं.

आणि आता गंमत. 'अक्रॉस'मध्ये माईल्स एका अशा शहरात जातो जे मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून बनवलंय, मुंबॅटन. तिथला स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर. 'चाय टी' म्हटल्यावर तो माईल्सला झापतो की अरे, म्हणजे 'चहा चहा' झालं. हा पवित्र मूळचा २००४ च्या भारतीय कॉमिकमधला, शरद देवराजन, सुरेश सीताराम आणि चित्रकार जीवन कांग यांचा. त्या कॉमिकमध्ये स्पायडरमॅनच्या प्रेयसीची, मेरी जेनची, मीरा जैन झाली होती, खलनायक नॉर्मन ऑस्बोर्नचा नलिन ओबेरॉय. नावं मराठी दुकानाच्या पाटीसारखी जुळवलेली. (हशा) पण मुंबॅटनची रंगसंगती, ती रेघ, छपाईचा तो पोत, हे सगळं करताना चित्रकारांसमोर सत्तरच्या दशकातली इंद्रजाल कॉमिक्स होती, हे त्यांनीच सांगितलंय. मला आधी माहीत नव्हतं. थिएटरात ते शहर उलगडलं तेव्हा मला चामड्याचा वास आला. पत्नीला सांगितलं, तर ती म्हणाली, पुढच्या माणसाने बूट काढलेत. (हशा)

आता पळतो. ग्वेन ही दुसऱ्या विश्वातली कोळी चावलेली पोरगी, तिच्या विश्वातले रंग तिच्या मनःस्थितीप्रमाणे ओघळतात, बापाशी बोलताना भिंती जलरंगासारख्या वाहतात, त्यावर मी पंधरा मिनिटं बोलणार होतो. सोडतो. हॉबी या पंक स्पायडरमॅनचं शरीर, जाकीट आणि गिटार वेगवेगळ्या गतीने हलतात, तेही सोडतो.

मिगेल ओहारा मात्र सोडता येत नाही. तो सगळ्या स्पायडरमॅनांचा प्रमुख. त्याचं म्हणणं, प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात ठरलेल्या गोष्टी घडल्याच पाहिजेत, जवळचा पोलीस कप्तान मेलाच पाहिजे, नाहीतर विश्व कोसळेल. विधिलिखित. माईल्सचा बाप पोलीस आहे, लवकरच कप्तान होणार आहे. आता मला सांगा, 'असंच झालं पाहिजे, मूळ कथेत असंच आहे' हे कोण म्हणतं? चाहता म्हणतो. तुम्ही-आम्ही म्हणतो. त्याच जागेवर तीच तान हवी म्हणून वन्समोअर ओरडणारे आपणच. चित्रपटाने चाहत्याचा हट्ट खलनायकाच्या तोंडी दिला आणि चाहत्यांनीच त्याला टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या भागाची एवढी हिंमत मी फार कमी वेळा पाहिलीय.

(एक श्रोता : मग 'इन्क्रेडिबल्स'चं काय?) प्रश्न नंतर घ्यायचे होते, पण चांगला आहे. सुपरहीरो कुटुंबाचे ते दोन चित्रपट. पहिला २००४, दुसरा २०१८. चौदा वर्षं मध्ये, आणि दुसरा सुरू होतो तो पहिला जिथे संपला त्याच क्षणी, जमिनीतून वर येणाऱ्या अंडरमाइनर या खलनायकासमोर. हे मागे जाणं नाही, हे तिथेच उभं राहणं आहे. घरातल्या तान्ह्या जॅक-जॅकमध्ये शक्ती आहेत हे आपल्याला चौदा वर्षं माहीत होतं आणि घरच्यांना नव्हतं, म्हणून रकूनबरोबरची त्याची रात्रीची मारामारी एवढी रंगते. तेवढं अव्वल. बाकी खलनायिका कोण, ते मला मध्यंतराच्या आधीच कळलं. चित्रपटाने एक अब्जाहून जास्त डॉलर कमावले म्हणून माझं मत बदलणार नाही.

(दुसरा श्रोता : तुमचा तो मागचा अंक सापडला का?) नाही. सापडला तर निराशा होईल का, हे विचारायचंय ना तुम्हाला? होईल कदाचित. माझ्या सिद्धान्ताला त्याने धक्का बसत नाही. (हशा) बसतो थोडासा. पण अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, त्यामुळे या मुद्द्याला आज उत्तर देता येत नाही.

माईल्सची गोष्टही खड्ड्यातच थांबलीय. घरी परतायचं यंत्र त्याच्या अंगातला त्या कोळ्याचा अंश वाचतं आणि त्याला ४२ क्रमांकाच्या विश्वात नेऊन टाकतं. तिथे पहिल्या भागात मेलेला काका जिवंत आहे, बाप मेलेला, आणि समोर दुसरा माईल्स उभा. तिथेच चित्रपट संपतो. तिसरा भाग मार्च २०२४ मध्ये येणार असं जाहीर झालं होतं. तो मार्च आला आणि गेला, चित्रपट आला नाही. तोवर पहिला पुन्हा बघा, भुयारात कोळी हातावर चढतो तिथे थांबवा आणि आकडा वाचा.

आणि एक विनंती. कुणाच्या माळ्यावर जुनी मराठी इंद्रजाल असतील तर रद्दीत घालू नका. कार्यवाहांकडे माझा पत्ता आहे. खड्ड्यातल्या वेताळाच्या आधीचा अंक असेल तर टपालाने पाठवू नका, मी स्वतः घ्यायला येईन.