क्लचची फिर्याद आणि तिचा तपास

पावसाळ्याची पहिली झड ओसरल्यावर पारोळ्याहून तामसवाडी किंवा बहादरपूरकडच्या शिवारात जाणाऱ्या पाणंदींतून ज्यांनी मोटारसायकल चालविली आहे, त्यांस खानदेशच्या काळ्या जमिनीच्या चिखलाचा स्वभाव मी सांगावयास नको. तो चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट ठासून भरतो, चाक जखडते, आणि मागे खताचे पोते बांधलेला शेतकरी, इंजिन बंद पडू नये म्हणून, क्लचचा लिव्हर अर्धवट दाबून व ॲक्सिलरेटर पिळून गाडी कशीबशी पुढे रेटतो. धुळे-जळगाव महामार्गावर वर्षानुवर्षे धावूनही ज्या क्लचला काही होत नाही, तो या अर्ध्या कोसाच्या वाटेत तापून करपतो. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी ‘गाडी ओढत नाही’ अशी फिर्याद सुरू होते. पुष्कळदा या फिर्यादीची चौकशी न होताच ‘प्लेटा गेल्या’ असा निकाल लागतो व इंजिनाचे झाकण उघडले जाते. परंतु क्लचच्या तक्रारींपैकी कितीतरी तक्रारी झाकणाच्या बाहेरच, वायरीच्या आणि ऑईलच्या ठिकाणी, मिटण्याजोग्या असतात, आणि त्यांचा तपास घराच्या ओट्यासमोर, दोन-तीन पान्यांच्या साहाय्याने कोणाही विचारी माणसास करता येतो, हे आज मला आपणांपुढे मांडावयाचे आहे.

क्लच म्हणजे इंजिनाची शक्ती चाकाकडे जाते त्या वाटेवरचा नाका होय. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत, बहुधा उजव्या झाकणाखाली, ऑईलमध्ये भिजलेल्या चकत्यांची एक चळत असते. तीत घर्षणासाठी अस्तर लावलेली चकती आणि साध्या पोलादाची चकती अशा आळीपाळीने बसविलेल्या असतात. पहिल्या प्रकारच्या चकत्या इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डब्यात अडकलेल्या, तर दुसऱ्या प्रकारच्या गिअरपेटीच्या दांड्याशी निगडित. स्प्रिंगा या सर्वांना एकत्र दाबून धरतात, आणि आपण लिव्हर दाबला की वायर ओढली जाऊन तो दाब सुटतो. यातून ध्यानी धरण्याजोगी गोष्ट ही की, लिव्हरला हात लागलेला नसतो तेव्हाच क्लचची पकड पूर्ण असते, आणि सवयीने लिव्हरवर ठेवलेली दोन बोटेदेखील वायर ताणली गेल्यास त्या पकडीतून काही अंश वजा करीत असतात.

आता मूळ तक्रार कोणती, हे आधी निश्चित केले पाहिजे, कारण क्लचचे मुख्य दोष दोन असून ते परस्परांच्या अगदी उलट आहेत. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरात मध्यम वेगाने जात असता ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग त्या प्रमाणात वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे; चढावर आणि ओझे असताना हे अधिक स्पष्ट होते, आणि कधी करपल्याचा वासही येतो. याउलट, लिव्हर पूर्ण दाबूनही पहिला गिअर टाकताच गाडी हिसका देऊन पुढे सरकते किंवा बंद पडते, आणि उभ्या गाडीत न्यूट्रल काही केल्या सापडत नाही, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. मात्र थंड इंजिनात पहिला गिअर टाकताना जो एक ठोका बसतो, तो चकत्यांमध्ये घट्ट झालेल्या ऑईलमुळे असतो. इंजिन थोडे तापल्यावर तो नाहीसा होत असेल तर त्याची चिंता करू नये.

दोष कोणताही असो, तपासाचा आरंभ लिव्हरपासून करावा. लिव्हर ओढू लागल्यावर वायर ताणली जाण्यापूर्वी त्याच्या टोकाशी जी मोकळी हालचाल मिळते, जिला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात, ती शंभर सी.सी.च्या वर्गातील पुष्कळ गाड्यांत 10 ते 20 मिलिमीटर असावी लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत छापलेला असतो. ही ढील मुळीच नसेल तर क्लच सदैव किंचित दाबलेला राहून घसरतो, आणि फाजील असेल तर तो पूर्ण सुटत नाही. समायोजनाच्या जागा बहुधा दोन असतात. लिव्हरजवळच्या गोल चकरीने बारीक फरक साधतो, आणि इंजिनाजवळ वायरीच्या खालच्या टोकाशी असलेल्या दोन नटांनी मोठा. वरची चकरी बहुतेक आत घेऊन खालच्या नटांनी ढील जुळवावी, तेथील नट घट्ट करावा आणि मग राहिलेली कसर वर काढावी. इतके झाल्यावर हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून ढील पुन्हा पाहावी. वळविताच ती नाहीशी होत असेल, तर वायर कोठेतरी चुकीच्या मार्गाने गेलेली किंवा अडकलेली आहे.

वायरीचे वरचे टोक लिव्हरमधून सोडवून डोळ्यांजवळ धरावे. तिच्या बोंडाशी बारीक तारांचा जो पीळ असतो, त्यातील तारा एकेक करून तुटतात आणि सुटलेली टोके आवरणात खुपसून वायर अडू लागते. एक तार जरी तुटलेली दिसली तरी वायर बदलावी, आणि जुनी काढण्यापूर्वी तिचा मार्ग नीट पाहून ठेवावा. वायर धड असून केवळ जड चालत असेल, तर आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ हे त्याचे कारण असू शकते. वरच्या टोकाशी प्लास्टिकच्या पिशवीचे नरसाळे बांधून त्यात पातळ तेल थेंबाथेंबाने सोडावे आणि ते खालून बाहेर पडेपर्यंत वाट पाहावी. काही नव्या वायरींना आतून अस्तर असते, त्यांना हा उपाय करू नये.

तपासाची दुसरी पायरी ऑईलची. मोटारगाडीचा क्लच सामान्यतः कोरडा असतो आणि मोटारसायकलीचा इंजिनाच्याच ऑईलमध्ये भिजलेला. म्हणून मोटारींसाठी घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळून केलेले इंधनबचतीचे ऑईल मोटारसायकलीत ओतले, तर चकत्या चांगल्या असूनही घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-2’ हा शिक्का पाहून, पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच ऑईल घ्यावे, आणि नेमलेल्या मापापेक्षा अधिक भरू नये.

एवढे करूनही दोष कायम राहिला, तरच झाकण उघडण्याची तजवीज करावी. ऑईल काढून घ्यावे. झाकणाचे स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढून ते त्या-त्या जागी खोचून ठेवावेत. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे सैल करीत काढावेत. अस्तराच्या चकत्यांची जाडी आणि स्प्रिंगांची लांबी पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. पोलादी चकती सपाट काचेवर ठेवावी. खालून फट दिसली तर ती वाकलेली, आणि अंगावर निळसर डाग असले तर ती भाजलेली. डब्याच्या खाचांच्या कडांवर चकत्यांनी घरे पाडली असतील, तर चकत्या त्यांत अडकून क्लच सुटत नाही. नव्या अस्तराच्या चकत्या बसविण्यापूर्वी रात्रभर इंजिन ऑईलमध्ये बुडवून ठेवाव्यात, आणि स्प्रिंगांचे बारीक बोल्ट आवळताना जोर आवरावा, कारण ते तुटले किंवा त्यांचे आटे गेले तर स्वस्तातली दुरुस्ती महागात पडते. पॅकिंग मात्र दर वेळी नवेच घालावे. डबा काढण्यासाठी मधला मोठा नट सोडण्याची वेळ आली, तर तेथे खास हत्यार लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच सोपवावे.

चकत्या कितीही चांगल्या घातल्या तरी चालविण्याची रीत बदलली नाही, तर तोच दोष पुन्हा उद्भवणार. चिखलात चाक जखडले की गाडी थांबवून, इंजिन बंद करून, काडीने मडगार्ड मोकळे करावे. पारोळ्याच्या बालाजीच्या रथोत्सवातील गर्दीत हाफ क्लचवर तिष्ठत राहण्यापेक्षा न्यूट्रल करून उभे राहावे. आणि लिव्हरवर बोटे विसावू देऊ नयेत.

तेव्हा श्रोतेहो, कपाशीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी एखाद्या सकाळी आपल्या गाडीच्या लिव्हरची ढील, वायरीचे टोक आणि ऑईलच्या डब्यावरचा शिक्का एवढे तरी स्वतः तपासा. आणि गॅरेजात जाण्याचा प्रसंग आलाच, तर ‘क्लच गेला’ असे मोघम न सांगता, ‘ढील बरोबर आहे, ऑईल योग्य आहे, तरीही वरच्या गिअरात घसरतो’ असे सांगा. मिस्त्रीला निम्मा तपास तयार मिळेल, आणि आपला अनाठायी खर्च वाचेल.